तात्यांची वाळू

शहागडच्या पुलाच्या अलीकडे रात्री साडेदहाच्या सुमारास आमची गाडी अडवली. गोदावरीच्या पट्ट्यात रात्री गाडी अडवली की कारण एकच असतं, वाळू. टिप्पर, हायवा, ट्रॅक्टर दिसला की पथक हात करतं. पांढऱ्या टेम्पो ट्रॅव्हलरकडे एरवी कुणी ढुंकूनही बघत नाही. पण आमच्या टपावर ताडपत्री बांधलेली, खिडक्यांना पडदे, आणि आत दोन कुत्री जीव तोडून भुंकत होती. मफलर गुंडाळलेल्या एका भाऊसाहेबांनी बाजूचं दार उघडायला लावलं, बॅटरी आत फिरवली आणि ओट्याखालच्या पोत्यावर आणून थांबवली. "पोत्यात काय आहे?" आमच्या ह्यांना खोटं बोलता येत नाही. ते म्हणाले, "वाळू."

"कसली वाळू?"

"मांजराची."

भाऊसाहेबांनी पोत्यात हात घातला, चिमूटभर बाहेर काढली, नाकाशी नेली. लॅव्हेंडरचा वास. त्यांनी ती परत टाकली आणि हात पँटला पुसले. मग बॅटरीचा झोत कुकरवरून, बादलीवरून, गुंडाळलेल्या गाद्यांवरून, भुऱ्या आणि राणीवरून फिरत वर माळ्यावर गेला. तिथं दोन हिरवे डोळे चमकले. "कुत्री, मांजर, भांडीकुंडी, सगळाच संसार घेऊन निघालाव की," ते म्हणाले. "कारखान्याला चाललाव का काय?" मागं उभे असलेले दोघं हसले. आम्हीही हसलो. माणूस भला होता, त्यानं पुढं वाट नीट सांगितली, रस्त्यात कुठं काम चालू आहे तेही सांगितलं. पण गेवराई मागं पडलं तरी ते वाक्य काही डोक्यातून जाईना. दिवाळी नुकतीच झाली होती, ऊसतोडीला निघायचे दिवस. दर पाच-दहा मिनिटांनी एक ट्रॅक्टर पुढं लागत होता, मागं दोन ट्रॉल्या, ट्रॉलीवर पाय वर केलेल्या बाजा, पाण्याच्या टाक्या, सरपण, कोंबड्यांची खुराडी, आणि त्या सगळ्यावर डोक्यावरून चादर ओढून बसलेली माणसं. आमचे हे प्रत्येक ट्रॅक्टरला डिपर देऊन पुढं काढत होते, आणि प्रत्येक वेळी मी खिडकीचा पडदा थोडा आत ओढून घेत होते. का, ते सांगता येणार नाही.

गाडीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. शाळेची मुलं नेणारी जुनी ट्रॅव्हलर घेतली आणि जालन्याच्या एका गॅरेजात तिच्यातल्या सीटा काढून कॅम्पर करून घेतली. (इकडं कॅम्पर म्हटलं की लोकांना बोलेरो पिकअपच दिसते, म्हणून गावाकडं आम्ही नुसतं गाडी म्हणतो.) दोन बाकडी, एक ओटा, वरती माळा, आणि मागच्या कोपऱ्यात माणूस जेमतेम वळेल एवढं संडास-न्हाणीघर. सगळ्या गाडीत सर्वांत जास्त पैसा त्या कोपऱ्यावर गेला, आणि तो कोपरा बोक्याच्या वाट्याला आला. आम्ही दोघं पंपावर, ढाब्यावर, नातेवाइकांकडं आमची सोय बघतो.

तात्या हा आमचा बोका. खच्ची केलेला, साडेपाच किलोचा, वागणं निवृत्त हेडमास्तरचं. भुऱ्या गल्लीतला. राणी कारवानी, लातूरकडच्या पाहुण्यांनी दिलेली, लांब पाय आणि पाठीला लागलेलं पोट. कुत्री सोबत आहेत म्हटलं की कुणाला काही वाटत नाही, राखणीला बरी. मांजर सोबत आहे म्हटलं की मात्र सगळे तोंडाकडं बघतात. कुत्रं माणसाला धरून राहतं आणि मांजर घराला, हे आपल्याकडं लेकराबाळांनाही माहीत असतं. पण आमच्या घराला कुलूप लागलं की तात्यांना बघणारं कुणी नाही, आणि एकदा शेजारी ठेवून बघितलं तेव्हा ते कपाटामागून बाहेरच आले नाहीत. म्हणून तेही गाडीत.

मांजराची घाण कुत्र्याला पक्वान्न वाटते, हे दोन्ही पाळणाऱ्याला वेगळं सांगायला नको. मांजराच्या खाण्यात प्रथिनं नि चरबी भरपूर, त्यातलं थोडं न पचताच बाहेर पडतं, आणि कुत्र्याच्या नाकाला तेवढं पुरतं. घरी तात्यांचा डबा, म्हणजे ज्यातल्या वाळूत ते जातात तो, जिन्याखाली, मध्ये जाळीचं दार, त्यामुळे प्रश्न कधी आला नव्हता. गाडीत पहिल्या रात्री डबा बाकड्याखाली सरकवला आणि पुढं गोणपाटाचा पडदा लावला. मध्यरात्री कुरुमकुरुम आवाजानं जाग आली. बॅटरी लावली तर भुऱ्या पडद्यातून मागं मागं सरत बाहेर येत होता, मिशांना राखाडी कण चिकटलेले, आणि तोंडावर सत्यनारायणाचा प्रसाद घेऊन निघालेल्या माणसाचं समाधान. किळस आली ती आलीच. पण दुसऱ्या दिवशी फोनवर डॉक्टरांनी सांगितलं ते जास्त घाबरवणारं होतं. ही गोळा होणारी वाळू ओल लागली की फुगते. कुत्र्याच्या पोटात बरीच गेली तर आतड्यात जाऊनही तेच करेल.

मग झाकणाला भोक असलेला उभा ड्रम आणला. भुऱ्याचं डोकं त्यात गेलं नाही, राणीचं गेलं. कारवानीचं तोंड निमुळतं आणि मान लांब. जिथून बोका जातो तिथून राणी डोळ्यांपर्यंत आत जातेच. शिवाय तात्यांनाही ड्रम पसंत पडला नाही. मांजराला डब्यात स्वतःभोवती फिरता आलं पाहिजे, डबा त्याच्या अंगाच्या निदान दीडपट लांब हवा. ड्रमात ते कसेबसे बसायचे आणि शेपूट भरवून बाहेर यायचे, मग तीच शेपूट आमच्या उशीवर. त्यानंतर डबा न्हाणीघरात गेला, दाराला बाहेरून साखळी आणि चार बोटांची फट.

राणीनं ती फटही मोजून घेतली.

शेवटी जालन्याचाच एक वेल्डर पोरगा म्हणाला, "काकू, भोक खाली कशाला? वर करा की." न्हाणीघराची भिंत माळ्याला लागून आहे. माळ्याच्या पातळीवर त्यानं पत्र्यात नऊ इंचांचं गोल भोक पाडलं, कडेला दाराचं रबर बसवलं. आत भोकाच्या खाली कमोडचं झाकण, झाकणापुढं डबा, डब्याखाली घसरू नये म्हणून रबरी पायपुसणं. तात्या माळ्यावरून भोकात, भोकातून झाकणावर, झाकणावरून वाळूत. कुत्र्यांना माळा चढता येत नाही. दाराला बाहेरून कडी, कारण राणी दार ढकलते. आतून कडी लावायची गोष्ट निघालीच नाही, आत जाणारा बोका होता.

गाडी चालू असताना तात्या जात नाहीत. इंजिन बंद झालं, कुत्री खाली जाऊन आली, चहा उकळून झाला, की ते माळ्यावर उठून पाठ ताणतात. भोकातून आधी नुसतं डोकं घालून आत बघतात, कुणी बसलेलं नाही ना म्हणून. मग धप्प. मग उकरण्याचा आवाज. एक खड्डा, तो नापसंत, मग दुसरा. मग काही क्षण काहीच नाही. या वेळात भुऱ्या आणि राणी दाराशी कान टवकारून बसलेली असतात आणि भुऱ्याची लाळ खाली टपकत असते. त्यानंतर झाकायचं काम, ते तात्या वाळूपेक्षा पत्र्याच्या भिंतीवर पंजे मारून जास्त करतात. ते वर आले की मी झारा घेऊन आत जाते. सासूबाईंचा बुंदी पाडायचा झारा आहे. त्या असत्या तर त्यांनी मला गाडीसकट घराबाहेर काढलं असतं. पण बाजारातल्या प्लास्टिकच्या खोऱ्याला त्याची सर नाही. हलवला की कोरडी वाळू गळून जाते आणि गोळे वर राहतात. लघवीचे गोळे मी मोजते. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते, ती तुंबली तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं, आणि प्रवासात मांजर पाणी कमी पितं, लघवी धरून ठेवतं. सकाळी झाऱ्यात मुठीएवढा गोळा आला की मी ह्यांना पुढं ओरडून सांगते, आणि ते गाडी सुरू करतात.

वाळू म्हणायचं, पण ती माती आहे. बेंटोनाइट म्हणतात, आपल्याकडं गुजरातेत कच्छकडं तिच्या खाणी आहेत. पोत्याची किंमत ऐकून औशाकडं शेती करणारा माझा भाऊ म्हणाला, "अगं, हीच जात आपल्या रानात हाय." त्याचं खरं होतं. बेंटोनाइटमध्ये माँटमोरिलोनाइट नावाची जी फुगणारी चिकणमाती असते, तीच जात आपल्या काळ्या रानातही भरलेली असते. उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते आणि मृगाच्या पावसात चपलेला चिकटून माणूस चार बोटं उंच होतो, ते तिच्यामुळंच. मी भावाच्या बांधावरची दोन घमेली माती आणली, ढेकळं फोडली, चाळली, उन्हात घातली आणि डब्यात भरली. गोळा झकास झाला. पण सोडेचना. डब्याला धरला, झाऱ्याला धरला, तात्यांच्या बोटांच्या बेचक्यांत धरला, आणि पांढऱ्या चादरीवर आमच्या रानाचा सातबारा उमटला. मग सोयाबीनचं भुसकट घालून बघितलं, लातूरकडं त्याला काय तोटा. ते टोचतं, तात्यांनी एकदा पाय ठेवला आणि माझ्याकडं असं बघितलं की मी निमूटपणे काढून घेतलं. सॉ मिलचा भुसा बरा, पण वास धरत नाही. अखेर पोतं परत आलं.

राख मात्र वापरून बघायची गरज नव्हती, तिचा निकाल लहानपणीच लागला होता. कळंब तालुक्यात आजीच्या घरी मांजर चुलीमागच्या राखेतच जायचं. राखेनं वास मरतो, झाकायला मऊ, फुकट. पण मग राखेचे पाय ओसरीवर, दुरड्यांवर, वाळत घातलेल्या कुरडयांवर, आणि आजीच्या शिव्या गल्लीच्या टोकापर्यंत. पुढं कधीतरी वाचलं की अमेरिकेत मिशिगनमध्ये एका शेजारणीची हीच तक्रार होती, मांजर राखेचे पाय घरभर उमटवतं, आणि १९४७ मध्ये एड लोव नावाच्या माणसानं तिला तेल-बिल टिपायला विकत असलेली भाजकी माती देऊन बघितली. त्यातूनच पुढं मांजराच्या वाळूचा धंदा उभा राहिला. आजीला हे कळतं तर ती म्हणाली असती, मातीचे पैसे घेतले मेल्यानं.

त्याच घरात आजी आणि दोन्ही चुलत्या पहाटे अंधार असतानाच तांब्या घेऊन ओढ्याकडं जायच्या. नेहमी दोघी-तिघी मिळून. मी मागं लागले तर मला मध्ये घ्यायच्या. एक आडोशाला बसली की दुसरी वाटेकडं तोंड करून उभी. पाय वाजला की ही खोकायची. मांजर भर दुपारी चुलीमागं गेलं तरी कुणाची ना नव्हती. बायकांना उजेड चालायचा नाही. दिवसा पोट दुखलं तर चुलती संध्याकाळपर्यंत भिंतीला टेकून बसलेली मी पाहिली आहे. तेव्हा त्यात मला काही वावगं दिसलं नव्हतं, कारण सगळ्याच घरांत तसं होतं.

उन्हाळ्यातली फेरी म्हणजे वेगळीच परीक्षा. मे महिन्यात नळदुर्गचा किल्ला बघायला गेलो आणि तासाभरानं गाडीत परत आलो तर डोळ्यांना झोंबलं. मांजराची लघवी दाट असते; त्याचे पूर्वज कोरड्या रानातले, थोड्या पाण्यात भागवणारे, आणि मूत्रपिंडांची ती जुनी सवय घरात आली तरी मोडलेली नाही. (त्या हिशेबानं मराठवाडा त्याला चांगलाच मानवायला हवा.) तिच्यातल्या युरियाचा अमोनिया होतो आणि पत्र्याच्या तापलेल्या खोक्यात तो पटापट होतो. तेव्हापासून उन्हाळ्यात सकाळ-संध्याकाळ दोनदा झारा, तळाला खायचा सोडा, टपावरचा पंखा बंद करायचा नाही आणि लॅव्हेंडरवाली वाळू आणायची नाही असं ठरवलं. शेवटचं पाळता येत नाही, कारण बीड-लातूरला दुकानात असेल ती घ्यावी लागते. डबा धुवायला अर्धी बादली लागते. ती बादली मला बहिणीच्या घरी मागवत नाही. ती लातूरला राहते. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा तिच्याकडं धुण्याचं पाणी फरशीला आणि फरशीचं संडासात जायचं. आता तसे दिवस नाहीत, नळाला पाणी येतं, पण तिचा हात अजून नळ बारीकच सोडतो. तिच्याकडं मी डबा खरवडून पुसते आणि गच्चीत कडक उन्हात पालथा टाकते. दुपारपर्यंत वास उडून जातो.

काढलेले गोळे टाकायचे कुठं, हा प्रश्न शहरात पडतच नाही. कमोडात सोडले तर फुगून पाइप बसतो. रस्त्याकडेला शेतात उडवून द्यावं तर ते शेत कुणाचं तरी असतं. मांजराच्या घाणीतून एक परजीवी पसरतो, टॉक्सोप्लाझ्मा. पोटुशी बाईनं डब्याला हात लावू नये म्हणतात ते त्याच्यामुळं. शेळ्या-मेंढ्यांच्या चाऱ्यात तो गेला तर त्या गाभडतात. ताज्या घाणीत तो लगेच बाधत नाही, त्याला एक ते पाच दिवस लागतात, म्हणून रोजच्या रोज काढणं महत्त्वाचं. आम्ही दुहेरी पिशवीत बांधून मागच्या डिकीतल्या झाकणाच्या बादलीत ठेवतो आणि नगरपालिकेची घंटागाडी दिसेल तिथं तिच्या पाठी लागतो. परळीत एकदा हे पायजम्यावर धावत गेले होते.

शहागडला गाडी अडवली त्या रात्री आम्ही मांजरसुंब्याजवळ एका पंपाच्या कडेला मुक्काम केला. पहाटे अजून तांबडं फुटलं नव्हतं तेव्हा एक ट्रॅक्टर आत आला. चाक काढून ठेवलं, बहुतेक पंक्चर. ट्रॉल्यांवरून माणसं उतरली. पुरुष पंपाच्या भिंतीमागं गेले आणि बिड्या ओढत परत आले. बायका मात्र एका जागी घोळक्यानं उभ्या. पंपाच्या संडासाला कुलूप होतं, किल्ली असलेला माणूस कुठं दिसत नव्हता. समोर हायवे, दिव्यांचा लख्ख उजेड, पलीकडं ढाबा, ढाब्यापुढं ट्रकवाले. आडोसा म्हणून कुठं नव्हता. मी ओट्याशी चहा टाकत होते. कडेवर पोरगी घेतलेली एक तरणी बाई दाराशी आली, आत डोकावली, आणि आवाज बारीक करून म्हणाली, "आक्का, गाडीत हाय व्हय वो... आत?"

मी म्हटलं, आहे, ये.

ये म्हणणं सोपं होतं. आत माणसाला पाय ठेवायला जागा करायची तर डबा बाहेर काढायला हवा, आणि डबा बाहेर काढला की भुऱ्या. ह्यांनी दोन्ही कुत्री साखळीला लावून लांब नेली. मी डबा उचलून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवला, जाता जाता थोडी वाळू गिअरवर सांडली. तिनं पोरगीला माझ्याकडं दिलं, आत गेली आणि दार ओढलं. दार उघडलं. पुन्हा ओढलं, पुन्हा उघडलं. "आतून कडी न्हाई का?" मी सांगितलं, नाही, ही मांजराची खोली आहे, कुत्री येऊ नयेत म्हणून बाहेरून कडी. ती क्षणभर माझ्याकडं बघत राहिली आणि मग इतकी हसली की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. "मग आमच्यावानीच की," ती म्हणाली. "एकीनं जायाचं, एकीनं दाराला ऱ्हायाचं." मी दाराला राहिले. मागोमाग बाकीच्या आल्या. प्रत्येक जण आत गेली की आधीची दाराशी थांबायची, हा क्रम त्यांनी आपोआप लावला, मला काही करावं लागलं नाही. मध्येच आतून किंकाळी आली आणि पाठोपाठ हसणं. "बया, ह्यो बघायलाय!" तात्यांनी नेहमीप्रमाणं भोकातून डोकं घातलं होतं.

माझ्या मांडीवरच्या पोरीला माळ्यावरचा बोका बघायचा होता. तिनं मला विचारलं, हा कामाला येतो का. तिच्या घरी मनी आहे, पण ती आजीपाशी राहिली. तिची आई पदर सावरत म्हणाली, "मांजर न्हाई येत फडावर. कोपीत ऱ्हात न्हाई ते, निघून जातंय. कुत्रं आणलंय." ट्रॉलीवरच्या बाजेच्या पायाला एक तांबडं कुत्रं बांधलेलं होतं आणि ते राणीकडं टक लावून बघत होतं. चाक बसलं. मुकादमानं हाक मारली. ती खाली उतरताना डब्याकडं बोट करून म्हणाली, "त्येला जागा लावा आधी, न्हाईतर सीटावरच बसंल."

गाडीतली पाण्याची टाकी रिकामी झाली होती. मला भलं काम केल्याचं समाधान वाटलं, हे लपवत नाही. आणि टाकी परत भरायला आता किती थांबावं लागणार म्हणून चिडचिडही झाली, तीही लपवत नाही. सीटवरची वाळू हाताच्या पंज्यानं गोळा करताना या दोन्ही गोष्टी एकदम मनात होत्या. नेकनूर येईपर्यंत आमच्यात कुणी बोललं नाही. मग हे म्हणाले, "भाऊसाहेबांनी काल बरोबर विचारलं होतं." मी काही उत्तर दिलं नाही. मला २०१९ मधली बातमी आठवत होती. बीड जिल्ह्यात पाहणी केलेल्या ८२ हजारांहून जास्त ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून जास्त बायकांची गर्भपिशवी काढलेली निघाली. पाळीत घरी बसलं की खाडा, खाडा झाला की मुकादमाचा दंड, आणि फडात ना पाणी ना आडोसा. मग पिशवीच नको. तेव्हा वर्तमानपत्रांत रकाने भरून आलं, समिती नेमली गेली, आम्हीही जेवताना हळहळलो. पण आडोसा या शब्दाखाली नेमकं काय येतं ते त्या आकड्यांत नव्हतं. ढाब्याचा दिवा किती वाजता विझतो, ट्रकवाल्याची पाठ कुणीकडं आहे, बरोबर कोण आहे, असलं सगळं त्याखाली येतं. आणि मी बोक्यासाठी तीन प्रकारची दारं करून बघितली होती. त्याचा मला पश्चात्ताप नाही. तात्यांना कुणी बघत असलं की जाता येत नाही, आणि गेलं नाही तर ते मरतील. फक्त हेच वाक्य दुसऱ्या कुणाबद्दल म्हणून बघितलं की जीभ अडते.

तात्या गेले नाहीत. डबा जागेवर, वाळू चाळलेली, इंजिन बंद, तरी भोकात डोकं घालायचे, परक्या बायांचा वास घ्यायचे आणि मागं वळून माळ्यावर बसायचे. केजला थांबलो, चहा झाला, काही नाही. आदल्या संध्याकाळनंतर झाऱ्यात एकही गोळा आला नव्हता. मी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डब्यात जाऊन कुंथतोय का, रडतोय का, खाली सारखा चाटतोय का? नाही म्हटल्यावर म्हणाले, संध्याकाळपर्यंत बघा, वाटीत ओलं खाणं पातळ करून द्या, आणि तसं काही दिसलं तर एक मिनिटही थांबू नका. मी ट्यूनाच्या पाकिटात गरम पाणी कालवलं. त्यांनी पाणी चाटून घेतलं, मासा ठेवला.

अंबाजोगाईत शिरता शिरता रस्त्याला एक फॅब्रिकेशनचं दुकान लागलं. ह्यांना गाडी उभी करायला लावली. दुकानवाला ग्रिलला रंग मारत होता. त्याला दार दाखवलं आणि आतून कडी बसवून द्या म्हटलं. त्यानं दार बघितलं, बाहेरची कडी बघितली, आतला डबा बघितला, भोकातून खाली बघणारा तात्या बघितला. "मांजर लावणाराय का कडी?"

"बायका लावतील. खाली बसवा, लेकराचा हात पुरेल अशी."

"खाली बसवली तर कुत्र्याचं नाक पुरंल, काकू."

"आतली आहे. कुत्रं आत जात नाही."

त्याला ते फारसं पटलं नाही, पण त्यानं ड्रिल आणलं. पत्र्यात भोकं पाडताना इतका आवाज झाला की राणी बाकड्याखाली शिरली आणि तात्या माळ्याच्या पार टोकाला. स्क्रू पिळून झाले. कडी जरा घट्ट बसत होती, म्हणून तो तेलाची बाटली आणायला दुकानात गेला. तेवढ्या शांततेत वरून धप्प आवाज आला. मग उकरणं. मग पुन्हा उकरणं. ह्यांनी माझ्याकडं बघितलं, मी ओठांवर बोट ठेवलं. दुकानवाला बाटली घेऊन आला आणि त्यानं दाराला हात घातला.

"थांबा," मी म्हटलं. "आत आहेत."

त्यानं चटकन हात मागं घेतला, दोन पावलं सरकला आणि रस्त्याकडं तोंड करून उभा राहिला. आतून पत्र्यावर पंजे मारल्याचा आवाज आला तेव्हा कुठं त्यानं मान वळवली.

"मांजरच हाय ना आत?"

"हो. तरी थांबा जरा."